एकोणचाळीस शिलिंगांची चोरी

अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयात चाललेल्या खटल्यांच्या नोंदी चाळल्या, तर एक आकडा पुन्हा पुन्हा समोर येतो : ३९ शिलिंग. कुणी मालकाच्या घरातून चांदीची भांडी पळवलेली असतात, कुणी कापडचोपड, कुणी तर रोख पैसे. फिर्यादीने मालाची किंमत कितीतरी जास्त सांगितलेली असते, साक्षीपुरावाही भक्कम असतो. तरीही ज्यूरीचे बारा जण आरोपीला दोषी ठरवतात ते ३९ शिलिंगांच्या चोरीबद्दल. चोरीला नाणी गेलेली असली, म्हणजे किमतीबद्दल वाद होण्याचं काही कारणच नसलं, तरी आकडा तोच.

याचं कारण १७१३च्या एका कायद्यात होतं. राहत्या घरातून ४० शिलिंग किंवा त्याहून जास्त किमतीचा ऐवज चोरला तर शिक्षा फाशी. एक शिलिंग कमी झाला, की माणूस जगत असे. दुकानातल्या चोरीसाठी फाशीची मर्यादा ५ शिलिंग होती, तिथे ज्यूरी ४ शिलिंग १० पेन्स म्हणे. ज्या तरुण मोलकरणीने मालकिणीच्या पेटीतून ऐवज काढला, तिने चोरी केली हे बाराही जणांना मान्य असायचं. त्यासाठी तिला दोरावर लटकवायला मात्र त्यांतले काही जण तयार नसायचे. सोडून द्यावं तर चोरी धडधडीत सिद्ध झालेली. मग वाट निघायची ती किमतीतून. विख्यात कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोन याने या प्रकाराला पुण्यबुद्धीने केलेला शपथभंग म्हटलं. १८२७ मध्ये संसदेने मर्यादा वाढवून ५ पौंड, म्हणजे १०० शिलिंग केली. तेव्हा ज्यूरींचा आकडाही वर सरकला : ४ पौंड १९ शिलिंग. खोट्या नोटा आणि हुंड्यांच्या गुन्ह्यांत तर ज्यूरी दोषी ठरवायलाच कचरू लागल्या. शेवटी १८३० मध्ये बँकवाल्यांनीच संसदेकडे अर्ज केला की या गुन्ह्यांची फाशी काढा, शिक्षाच होत नसल्यामुळे आमच्या मालमत्तेला संरक्षण उरलेलं नाही.

ज्यूरीच्या खोलीत होणाऱ्या तडजोडीचं हे इतिहासातलं सर्वांत माणुसकीचं रूप. पण तडजोडीचा निकाल नेहमी असा नसतो. एकमत होत नाही म्हणून दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडायचं आणि ज्यावर कुणाचाच पूर्ण विश्वास नाही अशा मधल्या ठिकाणी येऊन थांबायचं, हेही त्याच खोलीत घडतं. बाहेरून पाहणाऱ्याला या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. आतून त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं आणि ते अंतर नीट समजून घेणं महत्त्वाचं आहे.

एक उदाहरण घेऊ. भांडणात एकाच्या हातून दुसरा मेला. मारलं कुणी याबद्दल वाद नाही. सहा जण म्हणतात, हा ठरवून केलेला खून. सहा जण म्हणतात, रागाच्या भरात घडलेला सदोष मनुष्यवध. चर्चेअंती सगळे मनुष्यवधावर येतात. इथे तडजोड झाली, पण ती गुन्ह्याच्या तीव्रतेबद्दल झाली. खुनाच्या हेतूबद्दल शंका आहे, तिचा फायदा आरोपीला मिळाला. कायद्यालाही हेच हवं असतं.

आता दुसरं उदाहरण. माणूस मेला आहे, पण आरोपीनेच त्याला मारलं का, हाच प्रश्न आहे. नऊ जणांची खात्री आहे की यानेच मारलं आणि तो खूनच होता. तिघांना वाटतं की हा तो माणूसच नसावा. तीन दिवस डोकेफोड होते. मग कुणीतरी सुचवतं की खून नको, मनुष्यवध म्हणू, शिक्षा कमी होईल, तुमचंही राहील आणि आमचंही राहील. तिघे मान डोलावतात. या निकालाला पुराव्याचा काडीचाही आधार नाही. आरोपीने मारलं असेल तर तो खून होता आणि मारलं नसेल तर तो निर्दोष होता. मनुष्यवध ही तिसरी गोष्ट त्या खोलीबाहेर कुठेच घडलेली नाही. तिघांना वाटलेली शंका आरोपीला सोडवण्यासाठी होती, तिचा उपयोग शिक्षा कमी करण्यासाठी झाला. यात गुन्हेगाराचा लाभ होतो, कारण त्याची वर्षं वाचतात. निरपराध माणूस मात्र काही न करता तुरुंगात जातो आणि शेजारीपाजारी म्हणतात, ज्यूरीने बरीच दया दाखवली. पुरावा जितका कच्चा, तितकी अशी तडजोड होण्याची शक्यता जास्त. म्हणून तिचा मार बसतो तो ज्यांना कायद्याने सर्वांत जास्त जपायला हवं त्यांनाच.

या तडजोडीचं मूळ एकमताच्या अटीत आहे. इंग्लंडमध्ये शतकानुशतकं नियम होता की बाराही जणांचं मत एक झालं पाहिजे आणि ते होईपर्यंत ज्यूरीला अन्न, पाणी, शेकोटी, मेणबत्ती काही मिळणार नाही. उपाशीपोटी, थंडीत, अंधारात बसलेली माणसं एकमत शोधत नाहीत, सुटका शोधतात. १६७०च्या सप्टेंबरमध्ये लंडनला विल्यम पेन आणि विल्यम मीड या दोन क्वेकर पंथीयांवर खटला चालला. सैनिकांनी प्रार्थनागृहाला कुलूप घातलं, तेव्हा पेनने ग्रेसचर्च स्ट्रीटवर उभं राहून प्रवचन केलं होतं. आरोप होता बेकायदा जमाव जमवून दंगा माजवल्याचा. ज्यूरीतले आठ जण दोषी म्हणायला तयार, चौघांचा नकार. त्यांना दमदाटी करून परत आत पाठवलं. बाहेर आले ते एक विलक्षण निकाल घेऊन : पेन ग्रेसचर्च स्ट्रीटवर बोलल्याबद्दल दोषी.

बोलणं हा गुन्हा नव्हता. म्हणजे दोषी हा शब्दही उच्चारला गेला आणि दोषसिद्धीही टळली. बारा माणसांनी दबावाखाली शोधलेला हा मध्यममार्ग मला फार बोलका वाटतो. न्यायपीठाने तो धुडकावला आणि ज्यूरीला दोन रात्री कोंडून ठेवलं. परिणाम उलटाच झाला. तडजोड नाकारली गेल्यावर बाराही जणांनी दोघांना सरळ निर्दोष ठरवलं. त्यांना प्रत्येकी ४० मार्कांचा दंड झाला. एडवर्ड बुशेल आणि त्याच्या साथीदारांनी तो भरायचं नाकारलं, न्यूगेटच्या तुरुंगात गेले आणि तिथून दाद मागितली. सरन्यायाधीश व्हॉन यांनी निर्णय दिला की निकाल पटला नाही म्हणून ज्यूरीला शिक्षा करता येणार नाही. ज्यूरीच्या स्वातंत्र्याचा पाया इथे घातला गेला. याच पेनने पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाची वसाहत वसवली.

आता उपाशी ठेवत नाहीत. दबाव मात्र असतोच. अकरा जण एका बाजूला आणि तुम्ही एकटे दुसऱ्या बाजूला, असं काही दिवस बसून पाहण्याची कल्पना करा. शिकागो विद्यापीठाच्या हॅरी कॅल्व्हन आणि हान्स झायसेल यांनी अमेरिकेतल्या ज्यूरींचा मोठा अभ्यास केला आणि १९६६ मध्ये तो पुस्तकरूपाने मांडला. त्यांचा एक निष्कर्ष असा की पहिल्या मतदानात ज्या बाजूला बहुमत असतं, तीच बाजू दहापैकी नऊ खटल्यांत शेवटी जिंकते. ‘एक रुका हुआ फैसला’ हा चित्रपट किंवा तो ज्यावर बेतला होता तो ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ पाहून एकटा माणूस अकरांना वळवतो असं आपल्या मनावर ठसलं आहे. तसं क्वचित घडतं. शिवाय त्या गोष्टीत मधली पायरीच नव्हती, दोषी किंवा निर्दोष एवढंच होतं. प्रत्यक्षात एकट्या माणसाच्या हातात अकरांना वळवण्याची ताकद नसली, तरी त्यांना अडवण्याची ताकद असते आणि त्या ताकदीची किंमत तो मधल्या पायरीच्या रूपाने वसूल करतो.

अशा एका किमतीमुळे एका राज्याची घटना बदलली. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जेकब सिल्व्हरमन या ज्यू हॉटेलमालकावर खुनाचा खटला चालला. अकरा जण त्याला दुसऱ्या श्रेणीच्या खुनाबद्दल दोषी धरायला तयार होते. एकाला तो निर्दोष वाटत होता. शेवटी सगळे मनुष्यवधावर आले. शिक्षा झाली ३ वर्षांची आणि दंड १,००० डॉलरचा. वृत्तपत्रांनी आगपाखड केली. ती निव्वळ एका निकालावर थांबली नाही. बाहेरून आलेल्या, ‘आपल्यातल्या’ नसलेल्या लोकांना ज्यूरीत बसवलं की असंच होणार, असा सूर लागला. आरोपी ज्यू होता आणि ओरेगॉनमध्ये कू क्लक्स क्लान या वंशद्वेष्ट्या संघटनेचा जोर ओसरून फार काळ लोटला नव्हता, हे लक्षात घेतलं की त्या सुराचा अर्थ कळतो. मे १९३४ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली. खुनाची पहिली श्रेणी सोडली, तर यापुढे बारापैकी दहा मतं पुरेशी.

तडजोडीवरचा हा उपाय वरवर सोपा दिसतो. दोघांची अडवणूक करण्याची ताकद काढून घेतली की सौदा करायचं कारणच उरत नाही. पण त्याबरोबर आणखी काय गेलं? ज्या दोघांना शंका होती, त्यांचं ऐकण्याचं कारणही गेलं. दहा मतं जमली की चर्चा संपली. आणि ते दोघे बहुतेक वेळा कोण असणार, हे त्या काळच्या ओरेगॉनला चांगलं ठाऊक होतं. दक्षिणेतल्या लुइझियाना राज्याने १८९८ सालीच असा नियम केला होता आणि तिथे हेतू उघड होता : कृष्णवर्णीय ज्यूरीत आले तरी त्यांच्या मताला वजन राहू नये. वाईट तडजोडीवरचा इलाज म्हणून मतभेदच निरुपयोगी करणं, ही माझ्या मते मूळ दुखण्याहून मोठी हानी होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला ती दुरुस्त करायला २०२० उजाडलं. एकमत हवंच, हा निर्णय ज्या इव्हान्जेलिस्टो रामोसच्या खटल्यात आला, त्याला लुइझियानात दहा विरुद्ध दोन मतांनी जन्मठेप झाली होती. खटला नव्याने चालला आणि २०२३ मध्ये बाराही जणांनी त्याला निर्दोष ठरवलं. पहिल्या वेळच्या त्या दोघांची शंका कुणीही ऐकून घेतली नव्हती.

फौजदारी खटल्यात पायऱ्या मोजक्या असतात. दिवाणी दाव्यात पैशांचा प्रश्न असतो, तिथे तडजोडीला कितीही बारीक पायऱ्या मिळतात. नॉर्थ कॅरोलिनात दोन वकिलांनी आपल्या अशिलावर ४,००० डॉलर फीचा दावा लावला. ज्यूरीत एकमत होईना. प्रमुखाने सुचवलं की प्रत्येकाने आपल्याला योग्य वाटणारी रक्कम लिहावी, बेरीज करून बाराने भागावं, जे येईल तो निकाल. आलं २,९१६. काहींना हा आकडा फार मोठा वाटला, पण आधी कबूल केल्यामुळे त्यांना गप्प बसावं लागलं. चर्चेसाठी सरासरी काढून पाहण्यात काही गैर नाही, सरासरी जी येईल ती बांधील असं आधीच ठरवणं गैर. प्रतिवादीने एका ज्यूरी सदस्याची साक्ष काढायचं म्हटलं. १९१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा निकाल अयोग्य खरा, पण तो उलथवायला ज्यूरीच्या सदस्याची साक्ष चालणार नाही. नाहीतर हरलेला प्रत्येक जण ज्यूरीतल्या माणसांच्या घरी खेटे घालील.

ही गुप्तता इंग्लंडहून आलेली होती. १७८५ मध्ये न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यासमोर तक्रार आली की ज्यूरीने चक्क नाणेफेक करून निकाल ठरवला. सदस्यांची प्रतिज्ञापत्रं हजर होती. मॅन्सफिल्ड यांनी ती घेतली नाहीत. खिडकीतून कुणी पाहिलं असेल तर त्याची साक्ष चालेल, खोलीतल्या माणसाची नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर बरोबर १६९ वर्षांनी, १९५४ मध्ये, कॅन्ससमधल्या विचिटा इथे ती खिडकी खरोखरच उघडली गेली. त्याच शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यायाधीशांच्या परवानगीने, ज्यूरीला न कळू देता, काही दिवाणी खटल्यांतल्या चर्चा ध्वनिमुद्रित केल्या. वर्षभराने हे बाहेर फुटलं तेव्हा इतका गहजब झाला की १९५६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने असं ध्वनिमुद्रण हा गुन्हाच ठरवला. त्यामुळे किती निकाल तडजोडीचे असतात याचा खरा हिशेब कुणाकडेच नाही आणि कधी असणारही नाही.

मग न्यायालयं तडजोड ओळखतात कशी? निकालाच्या अंगावरच्या खुणांवरून. अपघातात चूक कुणाची यावर घनघोर वाद झाला आहे, जखमा गंभीर आहेत आणि ज्यूरीने जेमतेम दवाखान्याच्या बिलाएवढी रक्कम मंजूर केली. चूक प्रतिवादीची असेल तर ही रक्कम हास्यास्पद, नसेल तर एक डॉलरही का द्यावा? अशा वेळी अमेरिकी न्यायालयं नुसती रक्कम वाढवत नाहीत. जबाबदारी आणि भरपाई या दोन्हींचा खटला पुन्हा चालवतात, कारण दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत मिसळली गेली आहेत. फौजदारीत मात्र हात आखडता घेतला जातो. दारूबंदीच्या काळात डन नावाच्या आरोपीला ज्यूरीने दारू बाळगल्याच्या आणि विकल्याच्या आरोपांतून सोडलं, पण विक्रीसाठी दारू ठेवून उपद्रव माजवल्याबद्दल दोषी धरलं. हे एकमेकांशी जुळत नव्हतं. १९३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलेला निर्णय असा की तडजोड झालीही असेल, पण अंदाजाच्या बळावर निकाल मोडता येत नाही. हाच नियम आजही लागू आहे.

दिवाणीतली एक गोष्ट तडजोडीच्या बाजूने सांगायलाच हवी. पूर्वी नियम होता की अपघातात जखमी माणसाची स्वतःची थोडी जरी चूक असली तरी त्याला काहीही मिळणार नाही. यंत्रात मोठा दोष असला आणि कामगार क्षणभरच बेसावध झाला असला, तरी तो रिकाम्या हाताने घरी. ज्यूरींनी हा नियम मनाने मानलाच नाही. त्या भरपाई द्यायच्या आणि त्याच्या चुकीइतकी कापून द्यायच्या. पुढे कायदाच त्यांच्या मागे गेला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये चुकीच्या प्रमाणात भरपाईचं तत्त्व स्वीकारलं, तेव्हा ज्यूरी हेच आधीपासून करत आल्या आहेत ही गोष्ट न्यायालयासमोर होती. ३९ शिलिंगांचीही कथा तीच. कायदा टोकाचा असतो तेव्हा त्याची टोचणी आधी ज्यूरीच्या खोलीत जाणवते.

मग मधली पायरीच काढून टाकली तर? अलाबामा राज्याने हा प्रयोग केला होता. लुटीत हेतुपुरस्सर ठार मारल्याच्या आरोपात ज्यूरीपुढे दोनच पर्याय : मृत्युदंडासह दोषी किंवा सुटका. बेक नावाच्या आरोपीचं म्हणणं होतं की लुटीत तो होता, पण ठार मारलं साथीदाराने, आपला तसा हेतू नव्हता. ते खरं मानलं तर तो मृत्युदंडास पात्र नव्हता, पण निर्दोषही नव्हता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये हा कायदा घटनाबाह्य ठरवला. लुटारूला मोकळं सोडायला ज्यूरीचा हात धजत नाही आणि म्हणून तिला शंका असतानाही फाशी द्यावी लागते, हे त्यामागचं तर्कशास्त्र. मधली पायरी नसली की शंकेचा फायदा आरोपीला मिळतो हे पुस्तकातलं गणित. माणसांच्या खोलीत ती शंका बऱ्याचदा गिळली जाते.

या गणितावर एका तरुण मुलीने आयुष्य पणाला लावलं होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये आया म्हणून काम करणाऱ्या लुईस वुडवर्ड या १९ वर्षांच्या ब्रिटिश मुलीवर, तिच्या देखरेखीखालच्या आठ महिन्यांच्या बाळाच्या मृत्यूबद्दल खुनाचा खटला १९९७ मध्ये चालला. सरकार पक्षाला मनुष्यवधाचा पर्याय ज्यूरीपुढे ठेवायला हवा होता. बचाव पक्षाने तो नको म्हटलं. पुरावा खुनाला पुरणार नाही, मग ज्यूरी तडजोडीच्या पायरीवर उतरण्याऐवजी तिला सोडेल, असा हिशेब. न्यायाधीश हिलर झोबेल यांनी बचाव पक्षाचं ऐकलं. ३० ऑक्टोबरला ज्यूरीने तिला दुसऱ्या श्रेणीच्या खुनाबद्दल दोषी ठरवलं. शिक्षा जन्मठेप. जे गृहीत धरलं होतं त्याच्या बरोबर उलट घडलं. अकरा दिवसांनी झोबेल यांनी आपला अधिकार वापरून तो निकाल मनुष्यवधावर आणला आणि तिने आधीच भोगलेले २७९ दिवस हीच शिक्षा ठरवली. जी मधली पायरी ज्यूरीला दिली नव्हती, तिच्यावर न्यायाधीश स्वतः जाऊन उभे राहिले. पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा निर्णय कायम ठेवला, पण हेही सांगितलं की पुराव्यात आधार असेल आणि एका पक्षाने मागणी केली, तर कमी गंभीर गुन्ह्याचा पर्याय ज्यूरीला दिलाच पाहिजे.

या पायरीची दुसरी बाजू सरकारी वकिलांना पक्की ठाऊक असते. मार्क केलमन, युव्हल रॉटनस्ट्राइच आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की तोच पुरावा, तोच गुन्हा असला तरी एखादा पर्याय दोन टोकांच्या मधोमध ठेवला, की माणसं तो अधिक निवडतात. म्हणजे वर आणखी एक जड आरोप लावला, की खालचा आरोप आपोआप ‘मधला’ आणि समंजस वाटू लागतो. पुराव्याला न पेलणारा मोठा आरोप लावण्यामागे अनेकदा हाच हेतू असतो आणि न्यायाधीशांनी तो आरोप ज्यूरीपुढे जाण्याआधीच कापून काढला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडेही ज्यूरी होती. मुंबईत तिचा नियम वेगळा होता : नऊ जण आणि बहुमताचा निकाल. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवरच्या राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात सहा युरोपीय सदस्यांनी त्यांना दोषी आणि तीन भारतीयांनी निर्दोष म्हटलं. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी बहुमत स्वीकारलं, शिक्षा दीड वर्षाची. १९०८ मध्ये सात युरोपीय विरुद्ध दोन पारशी. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि टिळक मंडालेला गेले. लंडनमध्ये त्या काळी एक मत विरोधात असतं तरी दोषी ठरवता आलं नसतं. मुंबईतल्या त्या तिघांना किंवा दोघांना अडवण्याची ताकदच नव्हती, म्हणून त्यांच्याशी कुणाला तडजोडही करावी लागली नाही. ओरेगॉनने १९३४ मध्ये जे केलं, त्याचा परिणाम मराठी माणसाने आधीच सोसलेला होता.

कमांडर कावस नानावटी यांच्या खटल्यात तर मधली पायरी समोर मांडून ठेवलेली होती. एप्रिल १९५९ मध्ये प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्याबद्दल त्यांच्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ खाली खुनाचा आणि कलम ३०४च्या पहिल्या भागाखाली सदोष मनुष्यवधाचा आरोप होता. अचानक आणि गंभीर प्रक्षोभ मानायचा तर दुसरा पर्याय अगदी हाताशी होता. आहुजांशी प्रेमसंबंध असल्याची बायकोने कबुली दिल्यानंतर त्यांच्या हातून हे घडलं, अशी लोकांची सहानुभूतीही होती. तरीही नऊपैकी आठ जणांनी दोन्ही आरोपांतून त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना हा निकाल पुराव्याला धरून वाटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. मार्च १९६० मध्ये उच्च न्यायालयाने खुनाबद्दल जन्मठेप दिली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. घरातून निघाल्यापासून गोळ्या झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते, मन शांत व्हायला एवढा वेळ पुरेसा होता, असं न्यायालयाचं म्हणणं. ज्यूरी मधल्या पायरीवर थांबली असती, तर न्यायाधीशांना तो निकाल मोडणं बरंच अवघड गेलं असतं, असं मला वाटतं.

कायदा आयोगाने १९५८ मध्येच ज्यूरी बंद करण्याची शिफारस केली होती. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही. पारशी विवाहाच्या दाव्यांत प्रतिनिधी बसतात, तेवढा तिचा अंश आजही मुंबईत आहे. आता न्यायाधीशांना कारणं लिहून निकाल द्यावा लागतो, हा मोठा फरक. तडजोड केली तर ती कागदावर दिसते आणि वरच्या न्यायालयात तिचा समाचार घेता येतो. २०१४ मध्ये त्रिपुरातल्या एका खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली, पण मनात उरलेल्या शंकेचा विचार करून फाशी रद्द केली आणि २० वर्षांचा कारावास दिला. फाशी परत घेता येत नाही, म्हणून मला हा निर्णय पटतो. पण शंका शिक्षेत मोजायची, की दोषसिद्धीत, हा प्रश्न त्यातही आहे. न्यायाधीशांनी तो निदान उघडपणे मांडला.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथे नागरिक झालेल्या कित्येक मराठी घरांत ज्यूरीसाठी बोलावण्याचं पत्र येतं. कामाची खोटी होते म्हणून बरेच जण ते टाळायला पाहतात. टाळू नका. आणि त्या खोलीत बसलात, तर शिक्षा किती, कलम कोणतं हे ठरवण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर स्वतःला द्या : हे याच माणसाने केलं, याची मला खात्री आहे का? खात्री असेल आणि वाद फक्त तीव्रतेचा असेल, तर खुशाल खालच्या पायरीवर या, कायद्याने ती त्यासाठीच ठेवली आहे. खात्री नसेल तर कमी वर्षांच्या शिक्षेवरही हो म्हणू नका. बाकीचे कितीही थकलेले असोत, एकमत होत नाही असं न्यायाधीशांना लिहून कळवण्याचा तुम्हाला अधिकार आहे. त्यातून खटला पुन्हा चालेल, खर्च होईल, लोक वैतागतील. पण त्याबद्दल तुम्हाला कुणीही शिक्षा करू शकत नाही.